कुपवाडचा ब्रॅकेट आणि तीन देशांचे परवाने

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. कास्टिंग कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून येतं, आमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) बोअर आणि भोकं होतात, हीट ट्रीटमेंट आणि कोटिंग शेजारच्या युनिटांत जॉबवर्कला जातं. ट्रॅक्टर आणि पंपाचे भाग आम्ही बरीच वर्षं युरोपला पाठवतो. क्वालिटी आणि निर्यातीची कागदपत्रं दोन्ही माझ्याकडे असतात. म्हणून ब्रिटनच्या एका खरेदीदाराने चिलखती वाहनाच्या सस्पेन्शनचा ब्रॅकेट करून द्याल का असं विचारलं, तेव्हा मशीनिंगची काळजी कुणालाच वाटली नाही. एसजी आयर्नचं (चिवट ओतीव लोखंडाचं) कास्टिंग, दोन बोअर, एक फेस, काही टॅपिंग. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कडक होते, पण आमच्या आवाक्यातले.

परवानग्यांची बाजू मात्र आम्हाला पूर्ण नवी होती. तिच्यातून जाताना जे समजलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या वसाहतीतल्या इतर युनिटांनाही आता अशा चौकश्या येतात आणि माहिती तुकड्यातुकड्याने मिळते. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. या आकड्यामागे मोठ्या कंपन्या आहेतच, पण त्यांच्या आणि परदेशी कंपन्यांच्या मागे आमच्यासारखी युनिटंही उभी आहेत.

परवाना नेमका कशासाठी लागतो, इथूनच प्रश्न सुरू झाले. आमच्या मालकांना वसाहतीत सगळे आबाच म्हणतात. त्यांचा समज होता की फौजी वाहनाचा भाग करायचा तर दिल्लीहून उत्पादनाचा औद्योगिक परवाना काढावा लागणार. तसं राहिलेलं नाही. जून २०१४ मध्ये केंद्राने संरक्षण उत्पादनाची परवान्याची यादी छाटली आणि बहुतेक सुटे भाग, कास्टिंग, फोर्जिंग तिच्यातून बाहेर काढले. हे वाचून आबा म्हणाले, "मग झालंच की. ट्रॅक्टरच्या पार्टसारखं पाठवून देऊ." तसंही नाही. बनवायला परवाना नको म्हणजे बाहेर पाठवायला परवानगी नको, असं होत नाही. विदेशी व्यापार कायद्याखाली स्कोमेट नावाची एक यादी आहे. तिच्यात विशेष रसायनं, जिवाणू-विषाणू, पदार्थ, उपकरणं आणि तंत्रज्ञान येतं. या यादीचा सहावा विभाग लष्करी सामग्रीचा आहे. तो २०१७ मध्ये भरला गेला आणि त्यातल्या बहुतेक वस्तूंची परवानगी संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. आमचे नेहमीचे निर्यातीचे अर्ज परकीय व्यापार महासंचालनालयाकडे जातात. इथे कार्यालय वेगळं, पोर्टल वेगळं आणि प्रश्नही वेगळे.

आता आमचा ब्रॅकेट त्या यादीत येतो की नाही? या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा असं माझं मत आहे. ज्यांना घाई असते ते नेमके इथेच घाई करतात.

मुंबईच्या आमच्या सीएचएंनी, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटांनी, सरळ विचारलं, "मॅडम, ८७०८ टाकू का? गाडीच्या पार्टचाच कोड आहे." मी त्यांना थांबायला सांगितलं. ८७०८ हा साध्या मोटारगाड्यांच्या भागांचा शीर्षक क्रमांक. रणगाडे आणि चिलखती लढाऊ वाहनं, आणि त्यांचे भाग, यांच्यासाठी ८७१० आहे. शिवाय कस्टम्सचा कोड आणि स्कोमेटचा नोंद क्रमांक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कस्टम्सचा कोड वस्तू काय आहे ते सांगतो. स्कोमेटची नोंद ती कशासाठी घडवली आहे ते विचारते. ८७०८ मध्ये जाणारी वस्तूही स्कोमेटमध्ये असू शकते.

यादीतली नोंद होती ६ए००६: लष्करी वापरासाठी खास घडवलेली किंवा बदललेली जमिनीवरची वाहनं आणि त्यांचे भाग. बदल म्हणजे काय हे तिथल्या टिपेत उदाहरणं देऊन सांगितलं आहे. गोळ्यांना दाद न देणारे टायर, इंधन टाकी किंवा केबिनसारख्या महत्त्वाच्या भागांना चिलखत, शस्त्र बसवण्यासाठी दिलेली मजबुती, ब्लॅकआउट दिवे. आमच्या ब्रॅकेटचं मूळ डिझाइन एका व्यापारी ट्रकच्या अ‍ॅक्सलवरून आलेलं होतं. चिलखताचं वजन पेलण्यासाठी त्याची भिंत जाड केली होती आणि बोल्टचं वर्तुळ बदललं होतं. हा भाग आता साध्या ट्रकला बसणार नाही, बसवायचं कारणही नाही. मग तो खास घडवलेला ठरतो. मी खरेदीदाराला एवढंच विचारलं: हा भाग दुसऱ्या कुठल्या नागरी वाहनात वापरला जातो का? त्यांच्या निर्यात नियंत्रण अधिकाऱ्याचं लेखी उत्तर आलं की नाही, आणि ब्रिटनच्या लष्करी यादीत तो एमएल६ मध्ये, म्हणजे वाहनांच्या सहाव्या गटात, धरलेला आहे.

आणखी एक नोंद वाचून ठेवली, कारण ती आमच्या पट्ट्यासाठी फार महत्त्वाची आहे. ६ए०१६ मध्ये अशा सामग्रीसाठी खास तयार केलेली कास्टिंग, फोर्जिंग आणि इतर अर्धवट उत्पादनंही येतात. म्हणजे मशीनिंग न करता नुसतं कच्चं कास्टिंग परदेशात पाठवलं तरी सुटका नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, पलूस, कुपवाड इथल्या कितीतरी फाउंड्री कच्चा माल निर्यात करतात. त्यांनी ही ओळ एकदा वाचावी, असं मी भेटेल त्याला सांगते.

याच टप्प्यावर माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट पुढे सगळीकडे उपयोगी पडली. भारताची नोंद ६ए००६. ब्रिटनची एमएल६. ऑस्ट्रेलियाच्याही लष्करी यादीत वाहनं एमएल६ मध्येच. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या यादीत असा भाग ०ए६०६ मध्ये येतो. सगळीकडे सहा. हा योगायोग नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या वासेनार व्यवस्थेने लष्करी सामग्रीची एक समान यादी केली आहे आणि सदस्य देश आपापली यादी तिच्यावर बेततात. डिसेंबर २०१७ मध्ये भारत तिचा बेचाळिसावा सदस्य झाला. अमेरिकेने २०१३ नंतर कमी संवेदनशील लष्करी भाग परराष्ट्र खात्याच्या कडक यादीतून काढून वाणिज्य खात्याकडे दिले, तेव्हा त्यांनाही साधारण हेच क्रमांक लावले. म्हणजे हा ब्रॅकेट काय आहे, याबद्दल चारही सरकारांचं आधीच एकमत आहे. तरी प्रत्येकाला तो प्रश्न पहिल्यापासून विचारायचा असतो आणि उत्तर नव्या कागदावर, नव्या साच्यात हवं असतं.

हे कळायला वेळ लागला नाही, कारण आम्हाला ड्रॉइंगच मिळेना. चौकशीसोबत आली होती ती नुसती बाह्यरेषा आणि वजन. पूर्ण ड्रॉइंग मागितल्यावर उत्तर आलं की सस्पेन्शनचं मूळ तंत्रज्ञान अमेरिकेतलं आहे, ते भारतात पाठवायला आधी परवानगी घ्यावी लागेल. यादीतल्या वस्तूंचं तांत्रिक ज्ञानही नियंत्रित असतं. ड्रॉइंग ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यात. ब्रिटनमधून आमच्याकडे ती येताना ब्रिटनची निर्यात होते आणि अमेरिकेच्या दृष्टीने ती पुनर्निर्यात ठरते, कारण अमेरिकी तंत्रज्ञान कुठेही गेलं तरी त्यावरचा अमेरिकी कायदा सुटत नाही.

मग कागद सुरू झाले. ब्रिटनच्या परवान्यासाठी आम्ही वापरकर्त्याचं हमीपत्र सही करून द्यायचं: ही ड्रॉइंग फक्त या कामासाठी वापरू, दुसऱ्या कुणाला देणार नाही, महासंहारक शस्त्रांसाठी वापरणार नाही. भारताच्या परवानगीसाठी त्यांनी आम्हाला अंतिम वापराचं प्रमाणपत्र द्यायचं: हे ब्रॅकेट या वाहनासाठीच वापरू, दुसरीकडे देणार नाही. अमेरिकेसाठी दोघांनीही निवेदन द्यायचं, त्यात पुन्हा तेच. तिन्ही कागदांवर वस्तू एक, वाहन एक, अंतिम वापरकर्ता एक. एका कागदावर आमच्या कंपनीच्या नावात "प्रा. लि." होतं आणि दुसऱ्यावर "प्रायव्हेट लिमिटेड", एवढ्यावरून एक कागद परत आला. त्यानंतर मी एक पान तयार केलं. कंपनीचं नाव, पत्ता, भाग क्रमांक, वर्णन आणि वापर नेमक्या कुठल्या शब्दांत लिहायचा ते त्यावर ठरवून दिलं आणि दोन्ही बाजूंना पाठवलं. तेव्हापासून कुणीही नवं वाक्य रचत नाही. ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांनी हे पान पहिल्याच आठवड्यात करावं.

अमेरिकी परवानगीबद्दल मला आधी वेगळी आशा होती. २०१८ मध्ये अमेरिकेने भारताला 'स्ट्रॅटेजिक ट्रेड ऑथोरायझेशन' या सवलतीच्या पहिल्या गटात घेतलं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर याच वाणिज्य खात्याने कितीतरी भारतीय संस्था आणि कंपन्या निर्बंधांच्या यादीत टाकल्या होत्या, तेव्हा वीस वर्षांत हा मोठाच पल्ला होता. ब्रिटन त्या गटात आधीपासून होता. मी वाचलं की या गटातल्या देशांना लष्करी सुटे भागही परवान्याशिवाय, नुसत्या निवेदनावर जाऊ शकतात, अंतिम वापर त्या गटातल्या सरकारांचा असेल तर. आमचं वाहन ब्रिटनच्या सैन्याचं. सगळं बसत होतं.

पण तिथे आणखी एक अट आहे. या लष्करी भागांसाठी ही सवलत वापरायची तर व्यवहारातल्या प्रत्येक परदेशी कंपनीचं नाव आधी कधीतरी अमेरिकेच्या एखाद्या परवान्यावर मंजूर झालेलं असावं लागतं. ज्याने कधी परवान्याचं काम केलं नाही त्याला परवान्यापासून सूट नाही. मोठ्या कंपन्यांची नावं कुठल्या ना कुठल्या परवान्यावर आलेलीच असतात. कुपवाडच्या युनिटाचं कुठून असणार? २०१८ ची घोषणा आमच्यापर्यंत पोचायला आधी एक पूर्ण परवाना काढावा लागला. तो खरेदीदाराच्या बाजूने काढला, आमची सगळी माहिती त्यात गेली. आता आमचं नाव एकदा आलं आहे, म्हणून पुढच्या कामात ही सवलत खुली होईल. अटीमागचं कारण मला पटतं: अनोळखी माणसाला एकदा तरी तपासून घ्यावं. मला एवढंच वाटतं की ही तपासणी कामाच्या आधी, स्वतंत्रपणे करून घेता यायला हवी. छोट्या युनिटाला खरेदीदार मिळेपर्यंत नाव तपासून घेता येत नाही, आणि नाव तपासलेलं नसलं तर खरेदीदार दुसरीकडे जातो.

परवान्यासाठी आलेली प्रश्नावली वाचून मला पहिल्यांदा आमच्या कामाच्या पद्धतीची भीती वाटली. ड्रॉइंग कुठल्या सर्व्हरवर राहील? कोण उघडेल? त्यांचं नागरिकत्व काय? कुठल्या कुठल्या उपकंत्राटदाराकडे ती जाईल? आमच्या वसाहतीत ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. हीट ट्रीटमेंटवाल्याला फोटो, कोटिंगवाल्याला फोटो, टूल ग्राइंडिंगवाल्याला फोटो. मी हीट ट्रीटमेंटच्या युनिटात गेले तेव्हा तिथले काका म्हणाले, "मॅडम, एवढं काय? ड्रॉइंग टाका की मोबाइलवर, आम्ही बघतो." तीस वर्षं त्यांनी असंच चोख काम केलं आहे. त्यांना मी बसून समजावलं की हा एक फोटो त्यांच्या मोबाइलवर गेला की तो क्लाउडवर, दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरवर साठवला जातो, आणि मग परवान्यात लिहिलेल्या यादीबाहेर तंत्रज्ञान गेलं असं होतं.

आम्ही मार्ग असा काढला. हीट ट्रीटमेंटला पूर्ण ड्रॉइंगची गरजच नसते. त्यांना मटेरियलचा ग्रेड, हवी ती हार्डनेस, मोजायची जागा आणि वजन पुरतं. मग मी त्यांच्यासाठी एक प्रोसेस शीट केली, तिच्यावर वाहनाचं नाव नाही, असेंब्ली नाही, मापं नाहीत. कोटिंगलाही तसंच: क्षेत्रफळ, जाडी, झाकायच्या जागा. या दोन युनिटांची नावं तरी परवान्याच्या अर्जात लिहिली. पूर्ण ड्रॉइंग फक्त आमच्या एका संगणकावर, ज्याला इंटरनेट जोडलेलं नाही. मशीनवर जाणारं छापील पान सही करून दिलं-घेतलं जातं आणि शिफ्ट संपली की परत कपाटात. आमचा रात्रपाळीचा वॉचमन नेपाळचा आहे. परदेशी नागरिकाला तंत्रज्ञान दिसलं तर तेही हस्तांतर मानलं जातं, म्हणून कपाटाची चावी कुणाकडे, हे लेखी ठेवलं. वॉचमनला मी स्वतः सांगितलं की हा त्याच्यावरचा संशय नाही, तिथे माझ्या सहकाऱ्यांपैकीही बहुतेकांना परवानगी नाही.

आबांना हे सगळं जड वाटत होतं. त्यांना पटलं ते आमच्याच शॉपमधल्या मशीनवरून. आमचं पाच अक्षांचं मशीन जपानहून आलं तेव्हा विक्रेत्याने अंतिम वापराचं हमीपत्र घेतलं होतं, आणि ते मशीन जागेवरून हलवलं तर आपोआप बंद होतं. कंपनीचा माणूस येऊन उघडेपर्यंत चालत नाही. मागे एकदा फाउंडेशन बदलायला ते हलवायचं होतं, तेव्हा आधी कळवावं लागलं. हे का, तर १९८० च्या दशकात तोशिबा मशीन या कंपनीने नऊ अक्षांची मिलिंग मशीन सोव्हिएत संघाला विकली आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्गने त्यांचे कंट्रोलर दिले. त्या मशीनवर पाणबुड्यांचे कमी आवाजाचे प्रोपेलर होऊ लागल्याचं प्रकरण १९८७ मध्ये जगभर गाजलं. कागदावर ती मशीन साधी दाखवली होती. मित्रदेशांचं नियंत्रण एका खोट्या वर्णनाने फसलं. आबा लेथवर वाढलेले आहेत. मशीनवरून सांगितलं की त्यांना लगेच समजतं. म्हणाले, "मग आपण वर्णन बरोबर लिहायचं. बाकी वेळ लागू दे."

आमचे फोरमन साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या गावचे. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणसं फौजेत जातात. पहिला नमुना सीएमएमवर (मापं तपासणाऱ्या मशीनवर) तपासून झाल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, पार्ट एक नंबर झालाय. पण तो उद्या आमच्याच पोरांच्या समोरच्या गाडीत बसायला नको, एवढं बघा." अंतिम वापराचं प्रमाणपत्र कशासाठी असतं, हे मला इतक्या थोड्या शब्दांत कुठल्याही नियमावलीने सांगितलं नव्हतं. म्हणून नियंत्रणं काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. माल कुठे जातो, शेवटी कुणाच्या हातात राहतो, हे विचारायलाच हवं. एकच उत्तर पुन्हा पुन्हा मागण्यात जो वेळ जातो तो या खऱ्या प्रश्नावर खर्च व्हावा, एवढं मला हवं आहे.

भारताच्या बाजूचा अर्ज त्या मानाने सरळ गेला. संरक्षण उत्पादन विभागाच्या पोर्टलवर अर्ज, खरेदी ऑर्डर, तांत्रिक वर्णन, अंतिम वापराचं प्रमाणपत्र. पूर्वी अशा प्रमाणपत्रावर समोरच्या देशाच्या सरकारची सही आणावी लागे. आता कंपनी स्वतः वापरणार असलेल्या सुट्या भागांसाठी खरेदीदार कंपनीची सही चालते. त्याच वस्तूची त्याच खरेदीदाराला पुन्हा ऑर्डर आली तर पुन्हा सगळ्या खात्यांचा सल्ला घेतला जात नाही. ज्याने हा नियम लिहिला त्याला आमच्यासारख्यांचं काम माहीत असणार. परवानगी डिजिटल सहीने ईमेलवर आली. २०२४-२५ मध्ये या विभागाने १,७६२ परवानग्या दिल्या, आधीच्या वर्षी १,५०७.

याशिवाय भारताचा एक खुला परवानाही आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुट्या भागांसाठी तो आला. एकदा घेतला की ठरलेल्या देशांना ठरलेले भाग दर वेळी अर्ज न करता पाठवता येतात, मात्र तिमाही अहवाल द्यावे लागतात आणि तपासणी होऊ शकते. ब्रिटन त्या पहिल्या तेरा देशांत होता. आम्ही पहिल्या ऑर्डरला ऑर्डरपुरत्या परवानगीचाच रस्ता धरला. नव्या माणसाने आधी एक फाइल शेवटपर्यंत नेऊन बघावी, हे आबांचं मत मला योग्य वाटलं.

या सगळ्याच्या मध्येच मित्रदेशांचे नियम बदलले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी बहुतेक परवाने काढून टाकले, त्यांना जवळपास कॅनडासारखं वागवायला सुरुवात केली. १ सप्टेंबर २०२४ पासून परराष्ट्र खात्याच्या कडक नियमांतही या दोन देशांना सूट मिळाली. तिन्ही देशांत नोंदलेल्या, तपासलेल्या कंपन्यांनी आपापसात बरंच काही परवान्याशिवाय द्यावं-घ्यावं, आणि एक वेगळी यादी मात्र सवलतीबाहेर ठेवावी, अशी ती रचना. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या पाणबुड्यांच्या ऑकस कराराने हे घडवून आणलं. याआधी अमेरिकेने या दोन्ही देशांशी २००७ मध्ये यासाठीच करार केले होते. ते अमलात यायला अनेक वर्षं लागली आणि कंपन्यांनी ते फारसे वापरले नाहीत, कारण त्यातल्या अटी सांभाळण्यापेक्षा जुना परवाना सोपा होता.

खरेदीदाराच्या अधिकाऱ्याने फोनवर आनंदाने सांगितलं की अमेरिकेहून त्यांना येणाऱ्या ड्रॉइंगचा परवाना आता लागत नाही. मी विचारलं, आणि तुमच्याकडून आम्हाला? ते क्षणभर थांबले. तो भाग जसा होता तसाच आहे. साखळीचा पहिला दुवा मोकळा झाला, दुसऱ्या दुव्यावर सगळे कागद तसेच राहिले. उलट एक परिणाम मला दिसतो: ब्रिटिश कंपनीला तोच ब्रॅकेट ऑस्ट्रेलियातल्या शॉपकडून अमेरिकी परवान्याशिवाय करून घेता येईल आणि आमच्याकडून परवान्यासह. भावात आम्ही पुढे असलो तरी वेळेत मागे पडू. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत आणि अमेरिकेने संयुक्त निवेदनात शस्त्र हस्तांतराच्या आपापल्या नियमांचा फेरविचार करायचं ठरवलं, त्यात अमेरिकेच्या त्या कडक नियमांचं नाव घेतलं होतं. ते ठरवणारे विमानं, इंजिनं, ड्रोन यांच्याबद्दल बोलत असणार. त्यांच्या टेबलावर एसजी आयर्नचा ब्रॅकेटही असावा असं मला मनापासून वाटतं, कारण मोठं इंजिनही शेवटी अशाच युनिटांतून गोळा होतं.

माल निघाला तो पावसाळा सरताना. न्हावा शेवाला कस्टम्सच्या शिपिंग बिलात स्कोमेटचा रकाना भरला, परवानगीचा क्रमांक टाकला, ८७१० टाकला. अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं त्या एका पानावर होती. खोका पुढे गेला. परवानगीपासून पॅकिंग लिस्टपर्यंत सगळे कागद पाच वर्षं जपायचे आहेत, भारताच्या नियमानेही आणि अमेरिकेच्याही. त्यासाठी आम्ही स्वतंत्र कपाट घेतलं.

आमच्या वसाहतीतल्या उद्योजकांच्या बैठकीत मी तीन मागण्या लेखी दिल्या. पहिली, खरेदीदाराने चौकशीबरोबरच वर्गीकरणाचा क्रमांक लिहून द्यावा, आणि वासेनारमधल्या देशाने दिलेला तो क्रमांक आपल्या अर्जात पहिला आधार म्हणून धरला जावा. नंतर आपल्या अधिकाऱ्याने तो बदलला तरी चालेल, पण सुरुवात कोऱ्या कागदापासून नको. दुसरी, अंतिम वापराचं प्रमाणपत्र एकाच नमुन्यात असावं आणि ते एकाच वाहनाच्या संपूर्ण कार्यक्रमासाठी चालावं. तिसरी, छोट्या युनिटांना खरेदीदाराशिवाय स्वतःची तपासणी आधी करून घेण्याची सोय असावी: ड्रॉइंग कशी ठेवतात, कुणाला देतात, उपकंत्राटदार कोण. अशी तपासणी झालेल्या युनिटाला मित्रदेशांनीही ओळखावं. पहिल्या मागणीवर एक ज्येष्ठ उद्योजक म्हणाले, "ताई, हे आपल्या हातात नाही, दोन सरकारांचं आहे." खरं आहे. तिसरीचा अर्धा भाग मात्र आजही आपल्या हातात आहे, आणि त्यावर चार युनिटांनी आपापली ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवरून काढून घेतली आहेत.

आता ऑस्ट्रेलियाहून दुसऱ्या एका कंपनीची चौकशी आली आहे, मोठ्या वाहनाच्या हबसाठी. खुल्या परवान्याच्या २०१९ च्या मूळ यादीत ऑस्ट्रेलिया नव्हता, म्हणून याही वेळी ऑर्डरपुरतीच परवानगी मागणार आहोत. मी उत्तरात किंमत देण्याआधी तीन ओळी लिहिल्या: हा भाग कुठल्या नागरी वाहनात बसतो का, तुमच्या यादीत त्याचा क्रमांक काय, आणि ड्रॉइंगवर कुठल्या तिसऱ्या देशाचं तंत्रज्ञान आहे का. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एमएल६, आणि तंत्रज्ञान पूर्णपणे त्यांचं स्वतःचं. आबांनी फाउंड्रीला पॅटर्नचा भाव विचारला आहे.